आजीची ओवी कशात जपायची?

पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांची नगरी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे कारखानदारी भोसरी, आकुर्डी ओलांडत थेट चाकणपर्यंत पोहोचली. कामासाठी साताऱ्याकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसे आली आणि इथलीच झाली. मागोमाग त्यांच्या आयाही आल्या. दोन खोल्यांच्या घरात जात्याला जागा नव्हती आणि पिठाची गिरणी कोपऱ्यावरच होती. जाते गावी राहिले. ओव्या मात्र कंठातून शहरात आल्या. आज त्या बाया ऐंशीच्या घरात आहेत आणि नातवंडांना वाटते, आजीचा आवाज एकदा नीट भरून ठेवावा. प्रश्न उरतो तो एवढाच, की कशात?

ओव्या वहीत उतरवून घेतल्या म्हणजे झाले, असे कुणी म्हणेल. मुळशी तालुक्यापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या पुण्याच्या अभ्यासक जोडप्याने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर ओव्या गोळा केल्या. पण त्यांचे कामही केवळ लिहून घेण्यावर थांबले नाही. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. कारण कागदावर शब्द उरतात. चाल, दम आणि ओळ संपताना लांबवलेला स्वर उरत नाही. पॉइत्व्हँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. ते आवाज मात्र आजही ऐकता येतात.

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना वेगळे यंत्र कशाला, ही शंका रास्त आहे. पाच मिनिटांसाठी मोबाइल पुरेसा आहे. पण ऐन ओवीत फोन वाजतो, नाहीतर जागा संपते. हाताच्या मुठीत मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरला एकच काम असते आणि ते तो निमूटपणे करतो.

दुकानात गेलात की साधारण दोन जाती दिसतील. एक, बैठकीतले किंवा वर्गातले बोलणे टिपण्यासाठी केलेली. सोनी, फिलिप्स यांची छोटी यंत्रे या जातीची. दुसरी, गाण्या-वाजवण्यासाठी केलेली. झूम, टास्कॅम यांची. नुसत्या गप्पा आणि आठवणींसाठी पहिली जात चालेल. ओवी हे गाणे आहे, तेव्हा परवडत असेल तर दुसरी घ्यावी.

खोक्यावर ठळक छापलेल्या तासांच्या आकड्याला भुलू नका. आवाज जितका दाबून भरावा, तितके तास वाढतात. एमपीथ्री पद्धतीत साधारण दर्जाला तासाला साठेक मेगाबाइट लागतात. न दाबता, वेव्ह पद्धतीत भरले तर सव्वासहाशेच्या आसपास. तरी ३२ गिगाबाइटच्या कार्डात असे सुमारे पन्नास तास मावतात. एका आजीला ते भरपूर झाले! म्हणून वेव्हची सोय आहे का, हे आधी विचारा.

दुसरे, आवाजाची पातळी हाताने ठरवता येते का ते पाहा. स्वयंचलित पातळीत आजी श्वास घ्यायला थांबली की यंत्र पंख्याचा आवाज मोठा करून ठेवते. तिसरे, बोलणे सुरू झाले की आपोआप चालू होणारी सोय असेल तर ती बंद करता आली पाहिजे. यंत्र जागे होईपर्यंत पहिला शब्द निसटतो, आणि ओवीत पहिल्या शब्दालाच तर हाक असते. चौथे, साधे पेन्सिल सेल चालणारे यंत्र बरे. आतली बॅटरी काही वर्षांनी थकते. सेल मात्र गावच्या दुकानातही मिळतो. पाचवे, कानाला लावून ऐकण्याची सोय हवीच.

पिंपरी कॅम्पात किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्यायला गेलात, तर दुकानदाराला यंत्र सुरू करायला सांगा, दोन वाक्ये बोला आणि तिथेच ऐका. रस्त्याच्या गोंगाटात आपला शब्द ओळखू आला, तर घरात आजीचा नक्की येईल.

एक गोष्ट मात्र किमतीने मिळत नाही. यंत्र तोंडापासून हात-दीड हातावर ठेवा. अंतर दुप्पट केले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, आणि महागडे यंत्र दूर ठेवल्यास स्वस्तापेक्षा वाईट ऐकू येते. पंखा बंद करा, कुकर उतरवा. सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला गोधडी टांगली की तो निवतो. आजीला आधी विचारा, आणि हे कुणाला ऐकवायचे तेही तिच्याकडूनच ठरवून घ्या. सुरुवातीला तिचे नाव, माहेर, सासर आणि तारीख तिच्याच तोंडून येऊ द्या. पुढे वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला त्याचेच मोल वाटेल. त्याच रात्री प्रत काढा: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी.

आणि या साऱ्याची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू मात्र नका. पुढच्या वर्षी याहून चांगले यंत्र बाजारात येईलच. आवाज तोच राहील याची हमी कुठल्याच दुकानात मिळत नाही. या रविवारी मोबाइल असला तरी चालेल. आजीजवळ बसा आणि एक ओवी म्हणायला सांगा.