ओळघराची अंतर्रचना

ओळघराची अंतर्रचना : दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या घरांशी सामाईक असलेल्या, रस्त्यालगत एका ओळीत बांधलेल्या कुटुंबघरातील खोल्या, जिना, स्वयंपाकघर, स्नानगृह व मोकळी जागा यांची मजलावार मांडणी. महाराष्ट्रात असे घर ‘रो-हाउस’ या नावाने ओळखले जाते. सामाईक भिंतींमुळे जमीन व बांधकामखर्च यांत बचत होते आणि भिंतींचा फार थोडा भाग उन्हात येतो. तथापि उजेड व वारा फक्त पुढून, मागून आणि वरून मिळू शकतो. त्यामुळे घराच्या मध्यभागी काय ठेवावे, हाच या रचनेतील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : लंडनमधील १६६६ च्या आगीनंतर १६६७ च्या कायद्याने घरांचे चार वर्ग पाडून त्यांच्या भिंतींची जाडी ठरवून दिली. विटांच्या सामाईक भिंतींमुळे आग पसरण्यास आळा बसला व ओळघरांना निश्चित स्वरूप आले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या औद्योगिक नगरांत मागची भिंतही सामाईक असलेली, म्हणजे पाठीला पाठ लावलेली घरे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. त्यांत हवा आरपार खेळू शकत नसे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये स्थानिक संस्थांना घरामागील मोकळ्या जागेसंबंधी नियम करण्याचा अधिकार मिळाला आणि १९०९ च्या कायद्याने पाठीला पाठ लावलेल्या नव्या घरांस बंदी झाली.

भारतात अहमदाबादच्या पोळींमधील अरुंद व खोल घरांनी हाच प्रश्न मधल्या चौकाने सोडविला. चौकातून उजेड व वारा मिळे आणि छपरावरील पावसाचे पाणी त्याखालील टाक्यात साठविले जाई. महाराष्ट्रातील वाड्यांच्या चौकाचे कार्यही बव्हंशी तेच होते. जेथे चौक नसे तेथे ओटी व स्वयंपाकघर यांच्यामधील माजघर अंधारे राही. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ मध्ये अहमदाबादेत बांधलेले ‘ट्यूब हाउस’ सु. ३·६ मी. रुंद होते. त्यातील उष्ण हवा उतरत्या छताला धरून वर चढे व माथ्यावरील झरोक्यातून बाहेर पडे. हे घर १९९५ मध्ये पाडण्यात आले.

आखणीची तत्त्वे : (१) ज्या खोल्यांत माणसे अधिक काळ वावरतात त्या पुढील व मागील टोकांस ठेवाव्यात. मधल्या पट्ट्यात जिना, स्नानगृह, शौचकूप व प्रकाशकूप असावेत. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडकीपासून ७·५ मी.पेक्षा दूर असलेला खोलीचा भाग प्रकाशित मानला जात नाही. (२) खिडक्यांचे क्षेत्र दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश, तर कोरड्या उष्ण हवामानात एक-दशांश असावे. (३) खालच्या व वरच्या मजल्यांवरील स्नानगृहे एकावर एक घ्यावीत. त्यामुळे नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या सरळ राहतात आणि गळती शोधणे सोपे जाते. (४) लगतच्या घरांचे आराखडे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेप्रमाणे असावेत. जिन्याशेजारी जिना आल्यास पावलांचा आवाज शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत पोहोचत नाही. (५) शक्यतो रस्ता पूर्व-पश्चिम ठेवावा. मग घरांची तोंडे उत्तरेस वा दक्षिणेस येतात आणि ओळीतील अखेरचे घर वगळता इतरांस पश्चिमेच्या उन्हाचा त्रास होत नाही.

नमुना आराखडा : ५·५ मी. रुंद व १६ मी. लांब भूखंडावर पुढे ३ मी. व मागे २·५ मी. जागा मोकळी सोडल्यास १०·५ मी. खोलीचे घर बसते. २३ सेंमी. जाडीच्या सामाईक भिंती वजा जाता आतील रुंदी सु. ५·२७ मी. राहते. लांबीच्या दिशेने बैठकीस ३·७ मी., मधल्या पट्ट्यास २·८ मी. व मागील खोल्यांस ३·३ मी. मिळतात. उरलेली लांबी भिंतींत जाते.

मधल्या पट्ट्यात एका सामाईक भिंतीलगत १·९ मी. रुंदीचा दुवळणी जिना, त्याशेजारी ०·९ मी. बोळ आणि दुसऱ्या बाजूस २·२ मी. रुंदीचा भाग येतो. या भागात बैठकीकडे शौचकूपासह स्नानगृह (२·२ × १·३ मी.) व स्वयंपाकघराकडे छपरापर्यंत उघडा प्रकाशकूप (२·२ × १·४ मी.) घेतल्यास स्नानगृहाची भिंत स्वयंपाकघरास लागत नाही. मजल्याची उंची ३ मी. धरल्यास जिन्यास १८·७५ सेंमी.च्या १६ चढणी लागतात. पायरी २५ सेंमी. रुंद ठेवल्यास तो या पट्ट्यात मावतो. प्रकाशकूप लहान असल्याने कोणतीही खोली केवळ त्याच्यावर अवलंबून ठेवू नये.

मागील बाजूस २·१ मी. रुंद स्वयंपाकघर व सु. ३ मी. रुंद खोली होते. ही खोली घरातील वृद्धांसाठी ठेवणे इष्ट. त्यांना जिना चढावा लागत नाही, स्नानगृह जवळ राहते आणि परसाकडील खिडकीतून वारा मिळतो. भांडी व धुणे यांची सोय स्वयंपाकघरालगत परसात करता येते. वरच्या मजल्यावर पुढील जागेत दोन व मागे एक निजण्याची खोली येते. मुले लहान असेपर्यंत पुढील दोन खोल्यांमधील भिंत न बांधता जागा एकसंध ठेवता येते.

वाढीव बांधकाम : कुटुंब वाढले की प्रथम परस झाकला जातो व प्रकाशकूपावर छत पडते. अशा वेळी एक खोली मिळते, परंतु स्वयंपाकघर व वृद्धांची खोली यांची बाहेर उघडणारी खिडकी नाहीशी होते. मधल्या पट्ट्यात धूर व ओल साचते, भिंतींवर बुरशी धरते आणि दिवसाही दिवे लावावे लागतात. सामाईक भिंतींमुळे ही हानी बाजूस खिडकी पाडून भरून काढता येत नाही. म्हणून वाढीची दिशा मूळ आराखड्यातच ठरविणे आवश्यक असते. पाया व खांब आरंभीच आणखी एका मजल्याच्या भाराचे घेतले, जिना गच्चीपर्यंत नेला आणि नळांच्या जोडण्या वर काढून ठेवल्या, तर पुढील खोली परसात न बांधता वर बांधता येते. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर येथील अरण्य वसाहतीत घर टप्प्याटप्प्याने वाढत जाईल असे गृहीत धरूनच लहान भूखंडांची रचना केली होती. तीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांस जोते, शौचकूप व प्राथमिक बांधकाम देऊन पुढील भर त्यांच्यावर सोपविली होती. या वसाहतीस १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.