चाकाचा ‘आऊट’ कसा काढायचा?

पिंप्राळ्याचा आषाढी एकादशीचा रथ जळगावकरांना ठाऊक आहे. रथाच्या लाकडी चाकात जाड आरे भार पेलतात. सायकलीच्या बारीक तारा मात्र रिमला दोन्ही बाजूंनी ताणून धरतात. एक सैल पडली तरी चाक डगमगते, ब्रेक नीट लागत नाही, शेजारच्या तारांवर ताण येऊन त्याही तुटतात.

सायकल उलटी ठेवून रिम आडवी हलवावी. खटखट जाणवली तर दोष कोन-छर्‍यांचा. घाईने तारा आवळल्या तर चाक आणखी बिघडते. खटखट नसेल तर चिमट्याला हात टेकवून, रिमच्या डाव्या बाजूजवळ खडू धरावा आणि चाक फिरवावे. खडू लागेल तिथल्या उजव्या तारा पाव फेरा आवळाव्यात, डाव्या तेवढ्याच सैल कराव्यात. रिमच खड्ड्यात आपटून दुमडली असेल, तर ती बदलावीच लागते.