मोरपिसात निळा रंग नसतो

गळून पडलेलं एक मोरपीस घ्या, खलात टाका आणि बारीक कुटा. हाताला लागेल ती काळपट तपकिरी पूड. निळा गेला, हिरवा गेला, डोळ्याभोवतीचं सोनेरी कडंही गेलं. शोधू म्हटलं तरी सापडणार नाही, कारण तो रंग पिसात कधी नव्हताच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या बाजारात, होळीच्या तोंडावर या नसलेल्या रंगाला मोठं गिऱ्हाईक असतं. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं खाली उतरतात. सणाआधीच्या अशा बाजाराला या भागात भोंगऱ्या म्हणतात. घुंगरू, मोरपिसं आणि चांदीचे दागिने एकीकडे, तर टिकल्या, चमचमतं नेलपॉलिश, झुमके आणि काळे गॉगल दुसरीकडे. वरून स्पीकरवर अहिराणी आणि आदिवासी गाणी. आजीचा साज आणि नातीची फॅशन एकाच फेरीत विकत घेता येते.

पुढे होळीत हा साज कसा अंगावर चढतो, ते पाहायला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी लांबून लोक येतात. तिथली राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटवतात. नाचणाऱ्यांत बुध्या असतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि सुकवलेले दुधी भोपळे, आणि उघड्या अंगावर राखेच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या ठिपक्यांची नक्षी. हा साज चढवण्याआधी काही दिवस पालनी पाळायची असते. खाटेवर बसायचं नाही, ब्रह्मचर्य सोडायचं नाही.

आता या साजाकडे जरा विज्ञानाच्या डोळ्यांनी बघू. डोक्यावर निळा आहे, पण निळं रंगद्रव्य नाही. अंगावर पांढरा आहे, पण पांढरं रंगद्रव्य नाही. बघणाऱ्या बायकांच्या हनुवटीवरचं गोंदण निळसर दिसतं, पण आत भरलेली आहे ती काजळी. मग एवढे रंग येतात कुठून?

जाळीतून निघालेला निळा

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’ नावाचं पुस्तक छापलं. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं मोरपीस होतं. पीस पाण्याने भिजवलं की रंग नाहीसे होतात, हे त्याने टिपून ठेवलं. भिजल्याने रंग जातो आणि वाळल्यावर परत येतो, म्हणजे हा रंग रंगवलेला नव्हे. न्यूटननेही 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मोरपिसाचे रंग पातळ पडद्यांवरच्या रंगांच्या पंक्तीला नेऊन बसवले. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग नाचतात, त्याच जातीचे.

या रचनेचा तपशीलवार हिशेब 2003 साली मांडला गेला. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पिसाचे बारीक तंतू तपासले. आत मेलॅनिनच्या काड्या चौकटीच्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या निघाल्या. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारं तेच द्रव्य. दोन काड्यांमधलं अंतर साधारण 140 ते 165 नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा पाचशे ओळी मावतील. जाळीच्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. त्यातली एखादी तरंगलांबी एकमेकींना साथ देते आणि उजळते, बाकीच्या आपसात कटून जातात. अंतर कमी असेल तिथे निळा उजळतो, किंचित वाढलं की हिरवा, आणखी वाढलं की पिवळा. पंचवीस नॅनोमीटरच्या फरकात मोराने अख्खी रंगपेटी बसवली आहे!

हीच करामत माणसाने बाटलीत भरली आहे. बाजारात जे मोतिया झळाळीचं नेलपॉलिश किंवा आयशॅडो मिळतं, त्यात अनेकदा अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात. त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवलेला असतो. थराची जाडी बदलली की झळाळीचा रंग बदलतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. म्हणून टोपातलं पीस आणि नखांवरची झळाळी भौतिकशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातली.

पिठाचा पांढरा

बुध्याच्या अंगावरचा पांढरा त्याहून साधा वाटतो आणि तितकाच चकवतो. तांदळाच्या स्टार्चचा एकेक कण वेगळा काढला तर तो जवळजवळ पारदर्शक असतो. आकार फक्त 2 ते 8 मायक्रोमीटर, तृणधान्यांमधल्या सर्वांत बारीक कणांपैकी. असे लाखो कण शेजारी शेजारी पडले आणि मध्ये हवा राहिली, की प्रकाश प्रत्येक कणाच्या कडेला वळतो, पुन्हा वळतो आणि शेवटी सगळीकडे उधळला जातो. सगळेच रंग सारखे उधळले गेले की डोळा त्याला पांढरं म्हणतो. बर्फ, मीठ, साखर, ढग, सगळ्यांचं पांढरेपण याच जातीचं.

यातली गंमत अंगणात रांगोळी किंवा पिठाची नक्षी काढणाऱ्या बाईला न शिकता ठाऊक असते. ओलं पीठ काढताना ते फिकट, जवळजवळ अदृश्य दिसतं. वाळलं की झळकून उठतं. पाणी कणांमधल्या फटी भरून टाकतं, त्यामुळे प्रकाशाला वळायला फारसा वाव उरत नाही. पाणी उडून गेलं आणि हवा परतली की पांढराही परतला. रात्रभर नाचणाऱ्या बुध्याच्या अंगावरची नक्षी घामाने जिथे ओली होते, तिथे ती मंद पडते ती याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या हौशी बायका तोंडाला जी पावडर लावत, तीही तांदळाचीच असे. पॅरिसची शृंगारपेटी आणि सातपुड्यातला पाडा, दोघांनीही एकच धान्य निवडलं. कण बारीक, म्हणून थर मऊ आणि पांढरा दाट.

कातडीखालचा काळा

गोंदणाचं कोडं उलट्या बाजूचं आहे. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. मग आजीच्या लहानपणी टोचलेला ठिपका सत्तरीतही कसा राहतो?

सुई काजळी घेऊन वरचा थर ओलांडते आणि खालच्या, टिकाऊ थरात पोचते. शरीर या कणांना परका शत्रू समजतं आणि भक्षक पेशी पाठवतं. त्या पेशी कण गिळतात, पण काजळी काही पचत नाही. पेशी तिथेच अडकून बसतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर याच्या पुढचा टप्पा दाखवला. गिळणारी पेशी मेली की काजळी सुटते, आणि शेजारी आलेली नवी पेशी ती लगेच गिळते. म्हणजे गोंदण स्थिर नसतं, ते हातोहात पुढे दिलं जातं. शरीराने शत्रूला पकडून ठेवण्याची धडपड आयुष्यभर चालवली, आणि त्याच धडपडीने नक्षी जपली गेली.

काळी काजळी निळसर का दिसते? वरची कातडी निळा प्रकाश लवकर उधळून परत पाठवते. तांबडा खोल जातो आणि काजळीत गडप होतो. परतून येतो त्यात निळ्याचा वाटा वाढतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यामागेही बऱ्याच अंशी हाच खेळ आहे. आल्प्समध्ये सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या अंगावर अशी 61 गोंदणं मोजली आहेत, तीही कार्बनचीच.

जत्रेत मशीनने गोंदवून घ्यायची हौस असेल तर एवढं पाळा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाईसुद्धा नव्या भांड्यात ओतलेली हवी. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर हेपटायटिस आणि एचआयव्हीचा धोका असतो.

चांदी आणि सोनं

तळोद्याच्या सपाटीवरच्या घरांत सोन्याची हौस दिसते, डोंगरातला जुना साज मात्र चांदीचा. दृश्य प्रकाशाचा सर्वाधिक भाग परतवणारा धातू चांदीच. पडलेल्या प्रकाशातला साधारण 95 टक्के ती माघारी धाडते, आणि सर्व रंग जवळपास सारखे. म्हणून सावळ्या गळ्यावर ती आरशासारखी लखलखते.

सोनं पिवळं का, याचं उत्तर मात्र आइनस्टाइनपर्यंत जातं. सोन्याच्या जड अणुकेंद्राभोवती आतले इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. सापेक्षता सिद्धांतानुसार त्यांची कक्षा आक्रसते, ऊर्जेची गणितं सरकतात, आणि सोनं निळा प्रकाश शोषू लागतं. निळा वजा झाला की उरतो तो पिवळा. चांदीत ही शोषणाची जागा अतिनील पट्ट्यात राहते, म्हणून डोळ्याला ती पांढरी.

बाजारात चांदीच्या शेजारी गिलटाचे दागिनेही असतात. जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या मिश्रधातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. कान किंवा गळा खाजत असेल, लाल होत असेल, तर बहुतेक वेळा दोष निकेलचा असतो. अशा वेळी तो दागिना काढून ठेवा. काळ्या गॉगलच्याही नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. काच किती काळी आहे यावरून अतिनील किरण अडतात की नाही हे कळत नाही. 400 नॅनोमीटरपर्यंतचं संरक्षण लिहिलेला आणि खात्रीच्या दुकानातला गॉगल घ्यावा.

झुमक्याचा झोका

‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं अलीकडे खानदेशाबाहेरच्या लग्नांतही वाजलं. झुमक्यावर इतका जीव का जडतो, याचं अर्धं उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. झुमका म्हणजे लंबक. लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ वजनावर नाही, लांबीवर ठरतो. कानाच्या छिद्रापासून साधारण 6 सेंटीमीटर खाली भार असलेला झुमका अर्ध्या सेकंदात एक येरझार पुरी करतो. झपझप चालणारं माणूसही अर्ध्या सेकंदाला एक पाऊल टाकतं. प्रत्येक पावलाचा हलका हिसका नेमक्या वेळी मिळत गेला की झोका आपोआप रंगतो. आखूड कुडी कानाला चिकटून राहते, हातभर लांब साखळी संथ हलते, आणि झुमका चालीच्या ठेक्यात सापडतो. कोणत्याही सोनाराने हे गणित मांडलं नसेल, डोळ्याने निवडत निवडत लांबी तिथे येऊन ठेपली असावी.

मोराचंही तेच आहे. पिसारा उभारून तो पिसं सेकंदाला सुमारे 25 वेळा थरथरवतो. संशोधक रोझलिन डेकिन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली मोजून दाखवलं की हा वेग पिसांच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनाच्या आसपासचा आहे. भोवतालचे तंतू लखलखत हलतात आणि त्यांच्यावर डोळे मात्र जागीच तरंगल्यासारखे दिसतात. लांडोर थबकते. बुध्या नाचतो तेव्हा टोपातली पिसंही ठेक्यावर थरथरतात आणि क्षणाक्षणाला रंग बदलतात, कारण कोन बदलला की जाळीतून उजळणारा रंगही बदलतो.

बुध्याच्या अंगावर रंगाची डबी जवळपास नसते. जाळी, कण आणि ठेका, एवढ्या भांडवलावर तो अख्खी रात्र उजळवतो. महागड्या शृंगारपेटीतही यातल्याच काही युक्त्या असतात.

तुम्हीही करून बघा. मोराने आपणहून गाळलेलं पीस घ्या, कारण मोर मारून पीस मिळवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाका, भिजल्यावर आणि वाळल्यावर रंग पाहा. आणि फाल्गुनात काठीला किंवा तळोद्याकडे जाणार असाल, तर एक ध्यानात ठेवा. बुध्याचा साज ही काही दिवसांची पालनी पाळून चढवलेली गोष्ट आहे. फोटो काढण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा.