वीज म्हणजे आग नव्हे

जूनच्या तोंडावर पेठच्या डोंगरपट्ट्यात ढग गडगडू लागले, की शेतातली माणसं जवळच्या आंब्याखाली धावतात. वरून आगीचा लोळ येतो, अशी समजूत. पण आग म्हटली की काहीतरी जळावं लागतं, विजेत काहीच जळत नाही. तिच्या वाटेतली जेमतेम काही सेंटिमीटर रुंद हवा क्षणार्धात सुमारे 30 हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि एरवी वीज अडवणारी हवाच वीजवाहक बनते. हाच प्लाझ्मा, पदार्थाची चौथी अवस्था. (रक्तातल्या प्लाझ्माशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.)

झाडाचा आडोसा मात्र घेऊ नये, खोडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते. ‘वीज पडलेल्याला शिवू नका, करंट लागेल’ हा समज तर जिवावर बेतणारा. त्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि 108ला फोन लावावा.

प्लाझ्मा नेहमी भाजतोच असंही नाही. पेटलेल्या ट्यूबलाइटच्या आतही प्लाझ्माच असतो. त्यातले इलेक्ट्रॉन हजारो अंशांचे, पण वायू इतका विरळ की काचेला हात लावता येतो. आणि दुर्मीळ? सूर्य आणि बहुतेक तारे त्याचेच. फॅब्रिकेशनवाले त्यानेच जाड पत्रा कापतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989पासून ‘आदित्य’ यंत्रात अतितप्त प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून अभ्यासला जातो. अशा प्लाझ्मात अणुकेंद्रकं जुळवून सूर्यासारखी वीज उद्याच घरात येणार, या बातम्यांवर मात्र विसंबू नये. अशा ऊर्जेवर चालणारं वीजघर अजून जगात कुठेही नाही.

नागली-भात पिकवणाऱ्यांना जवळचा उपयोग वेगळाच. विजांच्या पावसाने पीक हिरवं होतं, यात तथ्य आहे, पण अर्धंच. वीज हवेतला नायट्रोजन फोडते, त्याचं नायट्रेट पावसातून जमिनीत उतरतं. पण जमिनीला निसर्गातून मिळणारा बहुतेक नायट्रोजन जिवाणूंच्या कष्टाचा. नॉर्वेत 1905मध्ये विजेची ही युक्ती कारखान्यात उतरवली होती. विद्युत-ज्योतीतून हवा सोडायची आणि खत करायचं. धरणांची स्वस्त वीज होती म्हणून ते परवडलं. पुढे कमी ऊर्जेत अमोनिया बनवण्याची रीत आली आणि ते कारखाने मागे पडले. आता सौरविजेवर चालणारी छोटी प्लाझ्मा यंत्रं बांधावरच खत देतील का, यावर प्रयोग चालू आहेत. हवा फुकट आहे. घोडं अडलंय ते विजेच्या खर्चापाशी.