डोक्यात लेझर, पण खरी कमाल थर्मामीटरची

आर्वीहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, बहिणीला दहा वर्षांपासून फिट्स येतात. ऑपरेशन न करता लेझरने बऱ्या होतात, अशी रील पाहिली. खरं आहे का?"

अर्धं खरं आहे. ऑपरेशन असतंच, फक्त कवटी उघडत नाहीत. तीनेक मिलिमीटरचं छिद्र पाडून त्यातून एक बारीक नळी मेंदूतल्या बिघडलेल्या जागेपर्यंत नेतात. नळीत लेझरची फायबर असते. तिच्या टोकाच्या प्रकाशाने आजूबाजूच्या पेशी तापतात आणि 60 अंशांच्या वर गेल्या की लगेच मरतात. याला एलआयटीटी म्हणतात.

आता प्रश्न असा, की शेजारीच नजरेच्या, बोलण्याच्या वाटा असतात. उष्णता तिथवर गेली तर? मला इंजिनिअर म्हणून खरी कमाल इथेच दिसते. हे सगळं एमआरआय मशीनमध्ये चालतं. पाणी तापलं की त्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल किंचित सरकतो, अंशामागे दहा कोटीत एक भाग! तेवढ्यावरून मशीन दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा काढतं. डॉक्टर स्क्रीनवर नाजूक जागांवर खुणा करून ठेवतात. तिथलं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की लेझर आपोआप बंद. गिझरचा थर्मोस्टॅटच म्हणा ना!

पण हा उपाय सगळ्यांसाठी नाही. लहान, खोलवरच्या जागेसाठी तो बरा. मोठ्या गाठीला उष्णता दिली तर सूज वाढते. कानाजवळच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून येणाऱ्या फिट्समध्ये लेझरनंतर माणूस लवकर घरी जातो; पण फिट्स कायमच्या थांबण्याची शक्यता उघड्या ऑपरेशनने थोडी जास्तच असते. आणि उष्णता फक्त लेझरचीच असते असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये रोबॉट आणि रेडिओफ्रिक्वेन्सी वापरून फिट्सची ऑपरेशनं झाली आहेत.

मग बहिणीसाठी काय करायचं? दोन योग्य औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही फिट्स येत असतील, तर सेवाग्राम असो की नागपूर, डॉक्टरांना सरळ विचारा: "फिट नेमकी कुठून सुरू होते? व्हिडिओ ईईजी करायचा का?" जागा सापडल्याशिवाय लेझरचा विषयच नाही. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि पुढची फिट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका. एकाने तिला कुशीवर वळवायचं, दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. डॉक्टरांना त्या रीलपेक्षा हा व्हिडिओ जास्त कामाचा आहे.