दाहशामक अर्काची कसोटी : सालईच्या डिंकाच्या उदाहरणातून चाचण्यांची ओळख

औषधी वनस्पतींची लागवड किंवा संकलन करणाऱ्या शेतकऱ्यांपुढे ‘सूज व सांधेदुखीवर प्रयोगशाळेत सिद्ध झालेला अर्क’ अशा शब्दांत अनेक उत्पादने येतात. काही शेतकरी गट स्वतःही निर्गुंडी, अश्वगंधा किंवा हळदीपासून चूर्णे व तेले तयार करून विकू लागले आहेत. अशा वेळी विस्तार कार्यकर्त्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘हे खरोखर लागू पडते का?’ या प्रश्नाचे उत्तर एका चाचणीतून मिळत नाही. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग घेतला, अर्क कसा काढला, किती मात्रेत परिणाम दिसला आणि त्या मात्रेत अपाय होतो की नाही, या सर्व गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. परिणाम आणि सुरक्षितता यांची उत्तरे वेगवेगळी काढली, तर दोन्ही उत्तरे अपुरी राहतात.

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी सालई या वृक्षाचे उदाहरण उपयुक्त आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील कोरड्या पानझडी वनांत हा वृक्ष आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव बॉसवेलिया सेराटा. आयुर्वेदात तो शल्लकी या नावाने परिचित आहे. खोडाच्या सालीला छेद दिल्यावर स्रवणारा सुगंधी राळयुक्त डिंक वनाश्रित कुटुंबे गोळा करतात. दाहशामक म्हणून या डिंकाचा अभ्यास गेली चार दशके सुरू असून चाचणीनळीपासून रुग्णापर्यंतचे बहुतेक टप्पे त्याने ओलांडले आहेत.

दाह म्हणजे काय?

इजा किंवा संसर्ग झाल्यावर शरीर जी संरक्षणात्मक प्रतिक्रिया देते, तिला दाह म्हणतात. लाली, उष्णता, सूज, वेदना आणि त्या अवयवाची हालचाल मंदावणे ही त्याची लक्षणे होत. ही प्रतिक्रिया मुळात उपकारक असते. मात्र ती लांबली, तर संधिवातासारखे विकार उद्भवतात. प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन या गटांतील रसायने दाह वाढवतात. प्रचलित वेदनाशामक औषधे मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनमुळेच होत असल्याने दीर्घ वापरात जठरव्रणाचा धोका संभवतो. म्हणूनच जठराला अपाय न करणाऱ्या दाहशामकाचा शोध वनस्पतींत घेतला जातो.

पहिला टप्पा : ओळख आणि अर्क

चाचणीचा आरंभ वनस्पतीच्या निश्चित ओळखीपासून होतो. सालईच्या डिंकाला बाजारात ‘सालई गुग्गुळ’ असेही म्हणतात. गुग्गुळ मात्र कॉमिफोरा वाइटी या वेगळ्या झुडपाचा डिंक आहे. दोघांचे रासायनिक घटक भिन्न आहेत. गुग्गुळात गुग्गुलस्टेरॉन आढळतात, तर सालईत बॉसवेलिक आम्ले. केवळ नावावर विसंबून घेतलेला नमुना पुढील सर्व चाचण्या निरर्थक ठरवू शकतो. त्यामुळे वनस्पतीचा वाळवलेला नमुना जतन करणे, संकलनाचे ठिकाण व काळ नोंदवणे आणि एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी तंत्राने घटकांचे रासायनिक ‘बोटांचे ठसे’ घेणे आवश्यक असते.

त्यानंतर अर्क काढला जातो. पाण्यात विरघळणारे घटक वेगळे आणि अल्कोहोल किंवा हेक्झेन यांत उतरणारे वेगळे. बॉसवेलिक आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. त्यामुळे अल्कोहोलयुक्त अर्कावर मिळालेला निष्कर्ष त्याच डिंकाच्या काढ्याला लावता येत नाही. हाच नियम घरगुती काढा, तेल आणि चूर्ण यांनाही लागू होतो.

दुसरा टप्पा : पेशींवरील चाचणी

प्राथमिक चाचणीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या भक्षक पेशी वापरतात. जिवाणूंच्या आवरणातील एका घटकाने त्या पेशींना उद्दीपित केले की त्या नायट्रिक ऑक्साइड व दाहकारक प्रथिने सोडू लागतात. अर्क मिसळल्यावर हे प्रमाण किती घटते, ते मोजले जाते.

येथे एक फसगत संभवते. अर्क विषारी असेल, तर पेशी मरतात आणि मेलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाहीत. आकडा घटतो आणि अर्क दाहशामक असल्याचा भास होतो. म्हणून त्याच मात्रेत पेशी जिवंत असल्याची चाचणी सोबत करावीच लागते. परिणाम आणि सुरक्षितता यांची सांगड पहिल्या पायरीपासून घालावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

सालईच्या बाबतीत जर्मनीतील ट्युबिंगन येथील संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, बॉसवेलिक आम्ले ल्युकोट्राइन तयार करणाऱ्या ५-लिपॉक्सिजिनेज या विकराला रोखतात. प्रचलित वेदनाशामकांपेक्षा हा मार्ग वेगळा असल्याने त्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढील अभ्यासांत मात्र असे आढळले की, डिंकाचा अर्क पोटात घेतल्यावर त्यातील सर्वाधिक प्रभावी आम्लाचे रक्तातील प्रमाण चाचणीनळीत परिणामकारक ठरलेल्या प्रमाणापेक्षा बरेच कमी राहते. त्यामुळे शरीरात हा अर्क अन्य मार्गांनीही काम करत असावा, असा विचार पुढे आला. स्निग्ध आहारासोबत घेतल्यास त्याचे शोषण वाढते, हेही आढळले. पेशींवर यशस्वी ठरलेला अर्क शरीरात तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरा टप्पा : प्राण्यांवरील चाचणी

दाहशामकतेची सर्वाधिक प्रचलित चाचणी १९६२ साली रूढ झाली. लाल समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या कॅरॅजीनन या पदार्थाचे अल्प द्रावण उंदराच्या मागील पंजात टोचले जाते. काही तासांत पंजा सुजतो. अर्क आधी दिलेल्या उंदरांचा पंजा किती कमी सुजला, हे प्लेथिस्मोमीटर या उपकरणाने मोजतात. एका गटाला अर्काविना केवळ वाहक द्रव, दुसऱ्या गटाला इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखे ज्ञात औषध आणि इतर गटांना अर्काच्या वाढत्या मात्रा दिल्या जातात. मात्रेबरोबर परिणामही वाढत गेला, तर निष्कर्षाला बळकटी येते. असे प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीनेच करता येतात.

जम्मू येथील तत्कालीन प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने सालईच्या डिंकाच्या अल्कोहोलयुक्त अर्कावर केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. या अर्काने कॅरॅजीननमुळे येणारी सूज लक्षणीय घटवली. तथापि एखादा क्षोभक पदार्थ शरीरावर ताण आणून अधिवृक्क ग्रंथीतील स्टेरॉइड स्रवण्यास भाग पाडू शकतो आणि त्यामुळेही सूज उतरू शकते. ही शंका दूर करण्यासाठी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांवरही चाचणी घेण्यात आली; परिणाम टिकून राहिला. कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या संधिवातातही अर्क उपयुक्त ठरला. मात्र त्वचेखाली कापसाची गोळी ठेवून नव्या ऊतींची वाढ मोजणाऱ्या चाचणीत त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. चांगल्या अभ्यासात असे नकारात्मक निष्कर्षही नोंदवलेले असतात. त्यांच्यामुळेच दाव्याची मर्यादा कळते.

मात्रेचे गणित

उंदरावरील मात्रा माणसाला थेट लागू होत नाही. शरीराच्या पृष्ठफळाचा विचार करून उंदराची प्रति किलो मात्रा सुमारे ६.२ने भागतात. समजा, एखाद्या पानाच्या अर्काचा परिणाम प्रति किलो २०० मिलिग्रॅम मात्रेत दिसला. माणसासाठी ती प्रति किलो सुमारे ३२ मिलिग्रॅम होते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी जवळपास २ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम कोरड्या पानांतून ८ ग्रॅम अर्क मिळत असेल, तर इतक्या अर्कासाठी सुमारे २४ ग्रॅम कोरडी पाने लागतील. चिमूटभर चूर्णाने तोच परिणाम मिळेल, हा दावा या हिशेबात बसत नाही.

सुरक्षिततेच्या चाचण्या

तीव्र विषाक्तता चाचणीत अर्काची एकच मोठी मात्रा देऊन प्राण्यांचे १४ दिवस निरीक्षण केले जाते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बहुधा प्रति किलो २,००० मिलिग्रॅमपर्यंत चाचणी होते. त्यानंतर २८ व ९० दिवसांच्या चाचण्यांत रोज मात्रा देऊन वजन, रक्तघटक, यकृत व मूत्रपिंडाच्या कार्याचे निर्देशांक आणि अवयवांच्या सूक्ष्म रचनेतील बदल तपासतात. जनुकीय हानी आणि गर्भावरील परिणाम यांसाठी स्वतंत्र चाचण्या असतात. सालईच्या उपरोक्त अभ्यासात प्रति किलो २ ग्रॅमपेक्षा अधिक मात्रेपर्यंत अर्क प्राणघातक ठरला नाही आणि उंदरांच्या जठरात व्रणही आढळले नाहीत.

तीव्र चाचणीत प्राणी जिवंत राहिले, एवढ्यावरून दीर्घ वापर निर्धोक ठरत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन घटवण्याच्या उपचारांत चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ही घटना १९९३ साली प्रसिद्ध झाली. एका वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती वापरली गेली होती. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे पुढे काही रुग्णांना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. बाधितांची संख्या शंभरावर गेली. आपल्याकडील ईश्वरी ही वेलही याच वंशातील आहे. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ ही समजूत किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण होय.

वनस्पतीचा भाग बदलला तरी सुरक्षितता बदलते. अश्वगंधेच्या मुळांचा वापर परंपरेने मान्य आहे. परंतु पानांचा वापर टाळण्याची सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना केली. मुळांच्या चूर्णात पाने मिसळणे ही म्हणूनच केवळ भेसळ न राहता ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्न ठरते.

माणसांवरील चाचणी

नागपूर येथील इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कोणाला अर्क व कोणाला निष्क्रिय गोळी मिळत आहे, हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक नव्हते. आठ आठवड्यांनंतर काही काळ उपचार थांबवून गटांची अदलाबदल करण्यात आली. अर्काच्या काळात वेदना घटली, गुडघा अधिक वाकू लागला आणि चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रांत मात्र बदल दिसला नाही. काहींना पोटाच्या किरकोळ तक्रारी जाणवल्या. म्हणजेच लक्षणांत आराम मिळाला, पण झिजलेला सांधा पूर्ववत झाल्याचा पुरावा नाही. ‘संधिवात मुळापासून बरा’ आणि ‘गुडघेदुखीत आराम’ या दोन दाव्यांतील अंतर येथे स्पष्ट होते. तसेच ही चाचणी लहान होती आणि ती एका ठरावीक अर्काची होती. अन्य कोणत्याही सालई चूर्णाला तिचा दाखला देता येत नाही.

साखळीचा आरंभ शेतात आणि वनात

प्रयोगशाळेतील अर्काची गुणवत्ता कच्च्या मालावर अवलंबून असते. काढणीचा काळ चुकला तर सक्रिय घटक घटतात. ओलसर माल साठवल्यास बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते. रस्त्याच्या कडेला वाळवलेल्या मालात धूळ व जड धातू मिसळतात. आयुर्वेदिक औषधकोशानुसार शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम व कॅडमियम ०.३ पीपीएम यांपेक्षा अधिक नसावे. सालईच्या बाबतीत अति खोल आणि वारंवार छेद दिल्यास वृक्ष वाळतो. म्हणून मर्यादित छेद, झाडाला विश्रांती आणि डिंकाची स्वच्छ प्रतवारी या गोष्टी उत्पन्न व संवर्धन या दोहोंसाठी आवश्यक आहेत.

दावा तपासताना विचारावयाचे प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी कोणतेही ‘सिद्ध’ उत्पादन शिफारस करण्यापूर्वी पुढील बाबी पडताळाव्यात :

१. वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग स्पष्ट नमूद आहे काय?
२. चाचणी झालेला अर्क आणि विक्रीचे उत्पादन एकाच पद्धतीने तयार केलेले आहे काय?
३. चाचणी पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाली? मात्रा किती होती?
४. दीर्घकालीन सुरक्षिततेचा अभ्यास उपलब्ध आहे काय? गर्भवती, बालके आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी सूचना दिल्या आहेत काय?
५. प्रत्येक उत्पादन-तुकडीचा सक्रिय घटक, जड धातू, कीडनाशक अवशेष व सूक्ष्मजीव यांचा अहवाल आहे काय?

रोग बरा करण्याचा दावा करून उत्पादन विकण्यासाठी औषध कायद्याखालील परवाना लागतो, याची जाणीव शेतकरी गटांना करून देणेही गरजेचे आहे. परवान्याशिवाय असा दावा करण्यापेक्षा ओळख पटलेला, योग्य वेळी काढलेला, स्वच्छ वाळवलेला आणि नोंदीसह पुरवलेला कच्चा माल हे गटांचे खरे बलस्थान ठरू शकते. अर्क बनवणाऱ्या उद्योगाला प्रत्येक तुकडीत समान घटक हवे असतात आणि रुग्णाला त्या अर्कावर विश्वास ठेवता यायला हवा. या दोन्ही गरजा भागवण्याची सुरुवात शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि संकलकाच्या टोपलीत होते.