दादाचा वकील, वहिनीचा वकील

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. शनिवार-रविवार जोडून मी पुण्याहून बेळगावला आलो होतो. जेवणं झाल्यावर आईनं देवघराच्या कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ‘दादानं ठेवलंय. तुला सांगायचं नाही म्हणाला होता. पण आता मला झोप लागत नाही.’

बँकेची नोटीस होती. सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली, साठ दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ. साठातले एक्केचाळीस दिवस कपाटातच गेले होते.

दादाचं उद्यमबागमध्ये लेथचं शेड. फाउंड्रीवाल्यांची जॉबवर्कची कामं. कर्ज काढून दोन सीएनसी मशिनं घेतली आणि वर्षभरात काम निम्म्यावर आलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाची बिलं अडकली. त्या रात्री मी एक्सेल उघडून बसलो आणि दादा एकेक आकडा सांगत गेला. बँकेचे बावीस लाख, क्रेडिट कार्ड आणि मोबाइल ॲपवरचं कर्ज मिळून सहा लाख, पाहुण्यांकडून हातउसने दहा लाख. शेवटचा आकडा तो बराच वेळ बोलेना. वहिनीचं बारा तोळे सोनंही गहाण होतं. वहिनी दोन महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन निपाणीला माहेरी का गेली, ते मला तेव्हा कळलं. आम्हाला सांगितलं होतं, तिच्या आईची तब्येत बरी नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. प्रत्येकाकडं सल्ला तयार होता. एक काका म्हणाले, ‘घरातला त्याचा हिस्सा धाकट्याच्या नावावर हक्कसोडपत्र करून टाका.’ मामा म्हणाले, ‘नवरा-बायकोनं कागदोपत्री घटस्फोट घ्यावा. घर तिला पोटगी म्हणून लिहून द्यायचं. राहायचं एकत्रच. कुणाला कळतंय?’ खरं सांगायचं तर हक्कसोडपत्राची कल्पना मला पटली होती. घर वाचेल आणि नंतर मी दादाला परत देईन, असं मी मनाशी म्हणत होतो.

आधी चुकीच्या दारात

मी सॉफ्टवेअरवाला. प्रश्न आला की आधी मोबाइल काढणार. कर्जातून सोडवून देतो म्हणणारी एक कंपनी सापडली. फोनवरचा मुलगा गोड बोलत होता. म्हणाला, सगळे हप्ते थांबवा, आम्ही तडजोड करतो, जितकं वाचेल त्याचे काही टक्के आम्हाला द्या. त्यांच्यात वकील कोण, हे तीनदा विचारूनही नाव मिळालं नाही. नंतर कळलं की निकालावर अवलंबून असणारी टक्केवारीची फी वकिलानं ठरवूच नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकिलाला जाहिरात करायलाही बंदी आहे. ही एवढी माहिती आधी असती तर माझे चार दिवस वाचले असते.

मग पुण्यातल्या एका मित्राच्या ओळखीचे वकील. माणूस चांगला. त्यांनीच सांगितलं, ‘तुमचं कोर्ट बेळगावचं, बँकेची शाखा बेळगावची, घराचे कागद तिथले. तिथलाच वकील करा.’

आमच्या शहापूरच्या घराची फाइल बघितली तर याचा अर्थ समजेल. जुन्या मालकाचं १९५२ चं खरेदीखत मराठीत, कारण तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. बाबांचं १९८६ चं खरेदीखत कन्नडमध्ये. बँकेची नोटीस इंग्रजीत. या तिन्ही भाषा वाचणारा माणूस हवा होता. बाबांच्या जुन्या मित्रानं एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. दिवाणी दावे आणि कुटुंबाचे खटले, दोन्ही त्या चालवतात. पहिल्या भेटीआधी मी त्यांचा कर्नाटक बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारला. विचारताना संकोच वाटला, पण त्या हसून म्हणाल्या, ‘सगळ्यांनी विचारायला पाहिजे.’

पहिली भेट

दादानं बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी थांबवलं. ‘आधी यादी करूया. कुणाचे किती, तारण काय, सही कुणाकुणाची, कुणाला चेक दिलेत.’ माझं एक्सेल तिथं कामाला आलं. पण त्यात ‘सही कुणाची’ हा रकानाच नव्हता, आणि त्यांच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा. पुढचा तासभर त्या एकेक गैरसमज काढत गेल्या.

२०१६ चा दिवाळखोरीचा कायदा सगळ्यांना लागू आहे, असं मला वाटायचं. त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठी सुरू झाला आहे. दादाचा धंदा त्याच्या एकट्याच्या नावावरचा. त्यामुळं त्याच्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. त्या कायद्यात कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये आहे, यावरून त्याचं वय समजावं.

नादारी म्हणजे पाटी कोरी, हाही गैरसमज. नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तारण असलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. बाउन्स झालेल्या चेकचा फौजदारी खटला त्यानं थांबत नाही. आणि कोर्टानं बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूम केला असेल, तर नादारीतून मोकळं झाल्यावरही ती पोटगी द्यावीच लागते. कर्जाचा आणि घरसंसाराचा प्रश्न एकाच टेबलावर का मांडायचा, हे मला इथं कळलं.

मग मी हक्कसोडपत्राचं विचारलं. त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. ‘मोबदला न घेता हिस्सा सोडला आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. घर वाचणार नाहीच, वर दादा लबाड ठरतील. आणि तुम्हीही.’ त्या ‘तुम्हीही’नं माझे कान गरम झाले.

घराची भीती मात्र त्यांनी कमी केली. घर बाबांनी स्वतः घेतलेलं. मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे आई, दादा, ताई आणि मी, चौघांचा सारखा चौथा हिस्सा. बँकेकडं तारण होतं ते शेड आणि मशिनं. घरावर कुणाची सही नव्हती. धोका असलाच तर दादाच्या हिश्श्याला, आईच्या डोक्यावरच्या छपराला नाही.

वसुलीवाला दादाला फोनवर म्हणाला होता, बायकोचं मंगळसूत्रही सोडणार नाही. वकीलबाईंनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडून दाखवलं. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धार्मिक रिवाजाप्रमाणं बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, यांवर कोर्टसुद्धा जप्ती आणू शकत नाही. ते ऐकल्यावर दादा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

वहिनीचं काय?

पुढच्या भेटीला आम्ही वहिनीला निपाणीहून बोलावलं. मला वाटलं, एकच वकील दोघांचं बघतील. वकीलबाई म्हणाल्या, ‘मी दादांची वकील. सोनं वहिनींचं आहे. उद्या दोघांचं हित वेगळं निघालं, तर मी कुणाच्या बाजूनं बोलू? त्यांना त्यांचा वकील हवा.’ स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठं आहे ते त्यांनीच सांगितलं. १५१०० हा मदतीचा नंबरही दिला.

वहिनीला तिथून वकील मिळाल्या. स्त्रीधन पूर्णपणे बाईचं, नवरा ते फक्त सांभाळायला घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे, हे त्यांनी तिला समजावलं. कागदोपत्री घटस्फोटाबद्दलही सांगितलं की कोर्टाचा हुकूम नाटक म्हणून मिळत नाही. तो झाला की लग्न खरंच संपतं. बायको म्हणून असलेला वारसाहक्कही जातो.

परत येताना वहिनी मला म्हणाली, ‘भाऊजी, सगळे घर कसं वाचवायचं ते बोलत होते. मला काय पाहिजे, कुणी विचारलं का?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

शेवटी काय झालं

साठ दिवस संपायच्या आत बँकेला लेखी उत्तर गेलं. अशा उत्तराला बँकेनं पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं, त्यामुळं बोलणं सुरू झालं. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण विकता येत नाही. ती संमती घेऊन दादानं स्वतः गिऱ्हाईक शोधलं. शेड आणि मशिनं विकून बँकेशी एकरकमी तडजोड झाली. पाहुण्यांच्या पैशाचे हप्ते कागदावर लिहून सह्या झाल्या. काका अजून रुसलेले आहेत. नादारीच्या अर्जाचा मसुदा फाइलमध्ये तसाच आहे. ‘ते शेवटचं दार. माहीत असावं, पण धावत जाऊ नये,’ असं वकीलबाई म्हणतात.

दादा आता दुसऱ्याच्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. हप्त्यांच्या यादीत पहिलं नाव वहिनीचं आहे. आतापर्यंत बारातले चार तोळे सुटलेत. वहिनी अजून निपाणीलाच आहे, मुलीची शाळा तिथं सुरू झाली आहे. दर रविवारी दादा सकाळच्या एसटीनं जातो. पुढं काय होईल ते त्या दोघांनी ठरवायचं आहे.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी पुणे-बेंगळुरूला आहोत आणि आईवडील, भाऊ गावात आहेत. घरात कुणी अडचणीत असेल तर नोटीस आल्याच्या आठवड्यात गावातल्याच वकिलाकडं जा. नोंदणी क्रमांक विचारा, फी लेखी घ्या, पावती घ्या. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. खटला दाखल असेल तर ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः बघत जा. आणि कुठलीही गोष्ट लपवू नका, पाहुण्यांपासून लपवलेली तर मुळीच नाही.

आईच्या देवघराच्या कपाटात आता फक्त पंचांग आणि उदबत्त्या आहेत. पाकिटं टेबलावर ठेवायची, असा घरात नियम झाला आहे.